शँकली गेले, लिव्हरपूल चालू राहिले : १९७४ च्या एका सत्तांतराचे प्रकरण

१२ जुलै १९७४ रोजी लिव्हरपूल फुटबॉल क्लबने ॲनफिल्ड मैदानावर पत्रकारांना बोलावले, तेव्हा एका खेळाडूच्या खरेदीची बातमी मिळेल एवढीच आलेल्यांची अपेक्षा होती. आर्सेनलचा रे केनेडी त्या दिवशी खरोखरच लिव्हरपूलकडे आला. पण त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अध्यक्ष जॉन स्मिथ यांनी जाहीर केले की मॅनेजर बिल शँकली यांनी निवृत्त होण्याची इच्छा कळवली असून संचालक मंडळाने ती अत्यंत खेदाने मान्य केली आहे. शँकली तेव्हा साठ वर्षांचे होते, अंगाने काटक होते, आणि जेमतेम दहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या संघाने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर न्यूकॅसलला ३-० असे हरवून एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली होती. एका दूरचित्रवाणी बातमीदाराने लिव्हरपूलच्या रस्त्यावरच्या पोरांना ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी ती थट्टा समजून उडवून लावली. बातमीदार थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर त्यांचे चेहरे कसे उतरत गेले, ते त्या चित्रफितीत आजही पाहायला मिळते.

ब्रिटिश फुटबॉलमधला मॅनेजर हा आपल्या क्रिकेट दौऱ्यांवरच्या मॅनेजरसारखा हॉटेल आणि सामानसुमान पाहणारा माणूस नव्हे. संघ निवडणे, खेळाडू विकत घेणे आणि विकणे, सरावाची पद्धत ठरवणे, पत्रकारांना तोंड देणे आणि हरल्यावर पहिला बळी जाणे, हे सगळे त्या काळात त्याच्याच वाट्याला येई. ज्या क्लबमध्ये एकच माणूस पंधरा वर्षे हे सगळे करतो, तिथे तो आणि क्लब वेगळे काढणे अवघड होऊन बसते. म्हणून अशा माणसाचे जाणे ही क्लबच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची वेळ असते. लिव्हरपूलने ती वेळ इंग्लंडमधल्या कोणत्याही मोठ्या क्लबपेक्षा चांगली निभावली, आणि शँकलींच्या बाबतीत मात्र ती फार वाईट निभावली. माझ्या मते या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, आणि ते शँकलींनी स्वतः घडवलेल्या कार्यपद्धतीत सापडते.

ग्लेनबक ते हडर्सफील्ड

शँकलींचा जन्म २ सप्टेंबर १९१३ चा, स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातल्या ग्लेनबक या कोळसा खाणीच्या गावातला. दहा भावंडांत ते नववे. पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले, आणि त्यांतल्या बॉब यांनी पुढे मॅनेजर म्हणून डंडी या संघाला १९६२ मध्ये स्कॉटिश लीगचे विजेतेपद मिळवून दिले. या चिमुकल्या गावातून सुमारे पन्नास व्यावसायिक फुटबॉलपटू निघाले असे मानले जाते. खुद्द गाव मात्र खाणींबरोबर उजाड झाले. चौदाव्या वर्षी शाळा सोडून शँकली खाणीत लागले, आधी वरच्या कामावर आणि मग जमिनीखाली. दोनेक वर्षांनी खाण बंद पडली आणि ते बेकार झाले. १९३२ मध्ये कार्लाइल युनायटेडने त्यांना घेतले, आणि पुढच्याच वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंडने ५०० पौंड मोजून त्यांना आपल्याकडे नेले.

खेळाडू म्हणून ते राइट हाफ, म्हणजे मध्यफळीच्या उजव्या बाजूचे, होते. दमछाक न होणारे, तंदुरुस्तीच्या बाबतीत जवळपास कर्मठ. १९३७ च्या एफए कप अंतिम सामन्यात प्रेस्टन संडरलंडकडून हरला, आणि पुढच्या वर्षी हडर्सफील्डविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर जिंकला. स्कॉटलंडकडून ते ५ अधिकृत सामने खेळले. पुढची ऐन उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. ती त्यांनी हवाई दलात काढली, आणि तिथेच त्यांची पत्नी नेस यांच्याशी भेट झाली.

१९४९ मध्ये ते मॅनेजर झाले आणि दहा वर्षे छोट्या किंवा उतरणीला लागलेल्या क्लबांत फिरले: कार्लाइल, ग्रिम्सबी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड. जवळपास प्रत्येक ठिकाणी संचालक पैसा सोडत नाहीत, त्यांना वर चढण्याची हाव नाही, ही त्यांची तक्रार राहिली. १९५१ मध्ये लिव्हरपूलनेच त्यांची मुलाखत घेतली होती, पण संघनिवडीत अंतिम शब्द संचालकांचा राहणार हे कळल्यावर त्यांनी त्या नोकरीत रस दाखवला नाही. संचालक या जमातीबद्दलचे त्यांचे मत याच काळात पक्के झाले. खेळाडू, मॅनेजर आणि प्रेक्षक एवढ्यांचाच क्लब असतो, संचालकांनी फक्त धनादेशांवर सह्या कराव्यात, असे ते पुढे उघडपणे म्हणत. विनोद म्हणून हे वाक्य आजही खपते. पण ज्या माणसाला एक दिवस याच संचालकांच्या सौजन्यावर अवलंबून राहायचे होते, त्याच्या तोंडी ते महागात पडणारे होते.

बूट ठेवायची खोली

डिसेंबर १९५९ मध्ये शँकली लिव्हरपूलला आले तेव्हा क्लब सहाव्या वर्षी सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लिश लीगच्या दुसऱ्या श्रेणीत, रुतलेला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत वुस्टर सिटी या लीगबाहेरच्या संघाने त्यांना एफए कपमधून बाहेर काढले होते. मेलवूड हे सरावाचे मैदान खडबडीत होते आणि त्यावर झाडझाडोरा माजला होता. १९ डिसेंबरला शँकलींच्या देखरेखीखालचा पहिला सामना झाला, आणि कार्डिफ सिटीने ॲनफिल्डवर येऊन ४-० असा मार दिला.

नवा मॅनेजर आला की तो आपली माणसे घेऊन येतो, ही तेव्हाचीही रीत होती आणि आजचीही आहे. शँकलींनी नेमके उलटे केले. बॉब पेस्ली, जो फॅगन आणि रूबेन बेनेट हे क्लबमधले प्रशिक्षक त्यांनी जागेवर ठेवले. अट एकच, निष्ठा आणि आपसात चुगल्या नकोत. खेळाडूंच्या बाबतीत मात्र त्यांनी दयामाया दाखवली नाही आणि वर्षभरात दोन डझनांच्या आसपास खेळाडूंना निरोप दिला. १९६१ मध्ये संचालकांच्या मागे लागून त्यांनी मदरवेलचा इयन सेंट जॉन आणि डंडी युनायटेडचा धिप्पाड बचावपटू रॉन येट्स हे दोन स्कॉटिश खेळाडू आणले, आणि १९६२ मध्ये संघ फर्स्ट डिव्हिजनमध्ये परतला. पुढचा हिशोब थोडक्यात असा: १९६४, १९६६ आणि १९७३ मध्ये लीगचे विजेतेपद, १९६५ मध्ये क्लबच्या इतिहासातला पहिला एफए कप, १९७३ मध्ये युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतला यूएफा कप, आणि १९७४ मध्ये पुन्हा एफए कप.

मात्र या प्रकरणात करंडकांपेक्षा एका खोलीला जास्त महत्त्व आहे. ॲनफिल्डच्या मुख्य स्टँडखाली, ड्रेसिंग रूमच्या वाटेवर, खेळाडूंचे बूट टांगायची एक खिडकी नसलेली कोंदट खोली होती. तिथे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून, बिअरच्या बाटल्या उघडून पेस्ली, फॅगन, बेनेट आणि पुढे रॉनी मोरान ही मंडळी सामन्याची चिरफाड करत. कोणता खेळाडू दुखणे लपवतो आहे, कोणाचे लक्ष उडाले आहे, राखीव संघातला कोणता मुलगा तयार झाला आहे, हे तिथे ठरे. सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांना तिथे आग्रहाने बसवून घेत, आणि पाहुणा सैलावला की त्याच्या तोंडून हवी ती माहिती काढून घेत. रोजच्या सरावाच्या, दुखापतींच्या आणि हवामानाच्या नोंदी वह्यांत लिहिल्या जात, म्हणजे तीन वर्षांनी तशीच दुखापत झाली तर मागे काय केले होते ते उघडून पाहता येई. शँकली स्वतः या बैठकांना फारसे बसत नसत. खोली त्यांच्या माणसांची होती, आणि त्यांच्याशिवाय ती उत्तम चालत होती.

सरावाची पद्धतही तशीच साधी आणि कोणालाही पुढे चालवता येईल अशी होती. खेळाडू ॲनफिल्डवर कपडे बदलत, बसने मेलवूडला जात, सराव करून पुन्हा बसनेच ॲनफिल्डला येत आणि मगच अंघोळ व जेवण करत. घाम आटून शरीर हळूहळू थंड होण्यासाठी मधला तेवढा वेळ हवा, असे शँकलींचे मत होते. सरावाचा कणा म्हणजे पाच-पाच जणांचे छोटे सामने: चेंडू घ्या, जवळच्याला द्या, मोकळ्या जागेत सरका. १९६५-६६ चा लीगचा संपूर्ण हंगाम संघाने अवघ्या १४ खेळाडूंत काढला आणि विजेतेपद मिळवले, यावरून दुखापतींवर किती ताबा होता याची कल्पना येते. नोव्हेंबर १९७३ मध्ये रेड स्टार बेलग्रेडने लिव्हरपूलला घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवून युरोपियन कप या युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेतून बाहेर काढले, तेव्हा याच मंडळींनी बसून विचार केला की नुसत्या धडकेवर युरोपात निभाव लागणार नाही, खेळ मागून, बचावपटूंच्या पायातून रचत आणला पाहिजे. फिल थॉम्पसनसारखा चेंडू खेळवणारा तरुण मध्यवर्ती बचावात स्थिरावला तो त्यानंतर. म्हणजे शँकलींचा शेवटचा हंगाम संपण्याआधीच त्यांच्यानंतरचा संघ आकार घेऊ लागला होता.

या यंत्रणेची दुसरी बाजूही इथेच नोंदवली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. ज्याचा शनिवारी उपयोग नाही त्याला मेलवूडवर किंमत नव्हती. दुखापत झालेल्या खेळाडूशी शँकली बोलणे टाळत, जणू तो दिसतच नाही असे वागत, असे त्यांच्या कित्येक खेळाडूंनी सांगितले आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये खालच्या विभागातल्या वॉटफर्डकडून एफए कपमध्ये हार झाली आणि साठच्या दशकातला संघ मोडीत निघाला. त्या मोडतोडीच्या काळात, न्यूकॅसलच्या मैदानावर, आपले नाव संघात नाही हे सेंट जॉनला आपल्या मॅनेजरकडून कळले नाही, तर तिथे हजर असलेल्या एका बातमीदाराकडून कळले. ही जखम त्याने पुढे बोलून दाखवली. खेळाडूंवर वडिलांसारखी माया करणारा हा माणूस निरोप देण्याच्या कामात कच्चा होता. त्यांच्या क्लबलाही ते काम त्यांनी कधी शिकवले नाही.

निर्णय कसा झाला

शँकलींनी कारण दिले ते थकव्याचे आणि कुटुंबाचे. नेस यांना फुटबॉलने व्यापलेल्या संसाराचा वीट आला होता, आणि आपण त्यांना वेळ दिला नाही ही टोचणी शँकलींना होती. शिवाय जिंकून जाण्याची संधी रोज येत नाही. ही कारणे खोटी मानण्याचे काही प्रयोजन नाही. तथापि राजीनाम्याची भाषा त्यांनी यापूर्वीही केली होती. १९६२ मध्ये संचालकांनी त्यांना न विचारता जॉनी मॉरिसी या खेळाडूला शेजारच्या एव्हर्टनला विकले, तेव्हा त्यांनी जाण्याची धमकी दिली होती. त्यानंतरही हंगाम संपल्यावरच्या रिकाम्या आठवड्यांत ते असे बोलत, आणि मन वळवले की परत कामाला लागत. सामने नसले की या माणसाला करमत नसे, हे क्लबमध्ये सर्वांना ठाऊक होते.

या वेळी मन वळवण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. बोटीने लांबच्या सफरीवर जा, विश्रांती घेऊन परत या, तोवर आम्ही सांभाळतो, असे पेस्लींनी सुचवले होते. शँकलींनी ऐकले नाही. निर्णय सांगायला अध्यक्षांकडे जाणे म्हणजे विजेच्या खुर्चीकडे चालत जाण्यासारखे होते, असे त्यांनी नंतर म्हटले. या वाक्यावरून त्यांना आपण काय करतो आहोत याची कल्पना होती असे दिसते. पण आपण कुठे चाललो आहोत याची मात्र नव्हती. पद सोडल्यानंतर क्लबशी आपले नाते कोणते राहील, मेलवूडला यायचे की नाही, बाहेरगावच्या सामन्यांना संघाबरोबर जायचे की नाही, यांपैकी एकाही गोष्टीचा निश्चित आणि उघड करार त्यांनी करून घेतला नाही आणि मंडळानेही केला नाही. एवढ्या मोठ्या सत्तांतरात सर्वांत गंभीर चूक कोणती, असे मला विचारले तर मी याच मोकळ्या सोडलेल्या जागेकडे बोट दाखवीन.

एकाच काळातले तीन क्लब

लिव्हरपूलच्या संचालकांनी पुढे जे केले ते समजून घ्यायचे तर त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर काय होते ते पाहिले पाहिजे.

पन्नासेक किलोमीटरवरच्या मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बस्बी, तेही स्कॉटलंडच्या खाणपट्ट्यातलेच आणि १९३६ ते १९३९ या काळात स्वतः लिव्हरपूलकडून खेळलेले, १९६९ मध्ये मॅनेजरपदावरून बाजूला झाले होते. पण ते त्याच इमारतीत जनरल मॅनेजर म्हणून राहिले. विल्फ मगिनेस या तरुण उत्तराधिकाऱ्याच्या वरच्या खोलीत ज्येष्ठ माणूस बसलेला असल्यामुळे नाराज खेळाडूला दाद मागायला जागा कायम उघडी राहिली. डिसेंबर १९७० मध्ये मगिनेस यांना हटवून बस्बींनाच काही महिने परत यावे लागले. नंतर आलेल्या फ्रँक ओफॅरल यांचीही डिसेंबर १९७२ मध्ये गच्छंती झाली, आणि १९७४ च्या वसंतात, म्हणजे शँकलींच्या घोषणेच्या अडीच-तीन महिने आधी, युरोपियन कप जिंकलेला हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये घसरला.

लीड्समध्ये डॉन रेव्ही त्याच जुलैत इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले. लीड्सने बाहेरचा माणूस आणला, तोही त्या संघावर वर्षानुवर्षे जाहीर टीका करणारा: ब्रायन क्लफ. ४४ दिवसांत त्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

लिव्हरपूलने तिसरा मार्ग धरला. २६ जुलैला बॉब पेस्लींची नियुक्ती जाहीर झाली. डरहॅम परगण्यातल्या खाणगावातले पेस्ली १९३९ पासून क्लबमध्ये होते: आधी खेळाडू, मग फिजिओ, मग प्रशिक्षक. ते ५५ वर्षांचे, संकोची आणि अडखळत बोलणारे होते, आणि ही नोकरी मला नको होती असे त्यांनी खेळाडूंना सांगूनही टाकले. फॅगन, मोरान, बेनेट जागच्या जागी राहिले. खेळाडूंच्या दृष्टीने सोमवारची बस त्याच वेळी सुटली आणि त्याच मैदानावर गेली. सत्तांतर झाले, पण खालच्या यंत्रणेला त्याचा धक्का पोहोचला नाही.

निकाल सर्वांना माहीत आहेत. पहिल्या हंगामात लीगमध्ये डर्बीच्या मागे दुसरा क्रमांक, १९७६ मध्ये लीग आणि यूएफा कप, आणि २५ मे १९७७ रोजी रोममध्ये बोरुसिया म्योंखेनग्लाडबाखला ३-१ ने हरवून पहिला युरोपियन कप. १९७८ आणि १९८१ मध्ये आणखी दोन. रोममध्ये मैदानात उतरलेल्या अकरांपैकी क्लेमन्स, स्मिथ, ह्यूज, कीगन, हायवे, कॅलहन, जिमी केस आणि त्या शेवटच्या दिवशीचा रे केनेडी असे आठ जण शँकलींच्या काळात क्लबमध्ये आलेले होते. नील, जोन्स आणि मॅकडरमॉट हे तिघे पेस्लींनी आणले. त्यातही केनेडीला पुढच्या फळीतून काढून डाव्या मध्यफळीत नेण्याची करामत पेस्लींची, आणि शँकलींना ती सुचली असती का याबद्दल मला शंका आहे. पेस्ली केवळ तयार ताटावर बसले, हा समज अन्यायाचा आहे. मात्र ताट तयार होते हेही खरे आहे.

मेलवूडवरच्या सकाळी

१० ऑगस्ट १९७४ रोजी वेम्ब्लीवर लीड्सविरुद्ध चॅरिटी शील्डचा, म्हणजे लीगविजेते आणि एफए कपविजेते यांच्यातला हंगामाच्या सुरुवातीचा, सामना झाला. पेस्लींची नेमणूक झालेली असतानाही संघाला मैदानात नेण्याचा मान शँकलींना देण्यात आला, आणि लीड्सच्या रांगेपुढे क्लफ चालत होते. लिव्हरपूलचा कीगन आणि लीड्सचा बिली ब्रेम्नर मारामारी करून बाहेर गेले, सामना १-१ राहिला आणि लिव्हरपूल पेनल्टीवर जिंकले. निरोपाचा समारंभ म्हणून तो दिवस शोभून दिसला असता, जर निरोप खरोखर झाला असता तर.

शँकलींचे घर वेस्ट डर्बी भागात होते आणि मेलवूडही त्याच भागात होते. सराव सुरू झाला आणि शँकली नेहमीसारखे सरावाच्या कपड्यांत हजर राहू लागले. खेळाडू त्यांना सवयीने ‘बॉस’ म्हणत, आणि खऱ्या बॉसला ‘बॉब’. निवृत्त मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पुन्हा शाळेच्या फाटकात उभे राहिले, तर नव्या मुख्याध्यापकांची जी कुचंबणा होईल, तीच पेस्लींची झाली. त्यांना शँकलींबद्दल आदर होता, पण दोन मालकांची चाकरी खेळाडूंकडून होत नाही हेही त्यांना दिसत होते. अखेर शँकलींना सुचवण्यात आले की सरावाच्या वेळी त्यांनी न येणे बरे.

इथे क्लबची बाजू न्याय्य होती, असे माझे स्पष्ट मत आहे. मँचेस्टरचे उदाहरण ताजे होते, आणि पेस्लींना पहिल्या वर्षी मोकळे मैदान देणे हे मंडळाचे कर्तव्यच होते. ज्या क्लबने ‘उपयोग संपला की बाजूला’ हा नियम पंधरा वर्षे पाळला, त्याने तो नियम घालून देणाऱ्यालाही लावला. शँकली स्वतः त्या खुर्चीत असते, तर मागच्या मॅनेजरला त्यांनी आठवडाभरही मेलवूडवर खपवून घेतले नसते.

परंतु मेलवूड बंद करणे ही एक गोष्ट झाली आणि दुसरे कोणतेही दार न उघडणे ही दुसरी. सरावाच्या मैदानापासून दूर राहूनही क्लबचा माणूस राहता येईल अशा कितीतरी जागा असतात: संचालक मंडळाच्या कक्षातली एक खुर्ची, बाहेरगावच्या सामन्याला संघाच्या गाडीतली एक जागा, युरोपातल्या सामन्याला अधिकृत पथकात नाव. बाहेरगावच्या सामन्यांना बोलावले असते तर आनंदाने गेलो असतो, पण वाट पाहून कंटाळलो, असे शँकलींनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात नमूद केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात यूएफा कपच्या अंतिम फेरीच्या परतीच्या सामन्यासाठी क्लबने त्यांना बेल्जियममधल्या ब्रुझला नेले खरे, पण उतरायची सोय अधिकृत पथकाच्या हॉटेलात न करता दुसऱ्याच हॉटेलात केली. हा त्यांना अपमान वाटला, आणि वाटणारच होता. कोणी जाणूनबुजून केले असेल असे नाही. बहुधा खोल्यांच्या यादीत त्यांचे नाव कोणत्या रकान्यात लिहावे, हेच कोणाला कळले नसावे. पण ज्या माणसाच्या वाट्याला कोणताही रकाना ठेवलेला नाही, त्याचे असेच होते.

एव्हर्टनचे सराव मैदान बेलफील्ड त्यांच्या घराला जवळजवळ लागूनच होते, आणि ते तिथे जाऊ लागले. जन्मभर ज्यांची टर उडवली त्या एव्हर्टनने आपल्याला लिव्हरपूलपेक्षा अधिक आपुलकीने वागवले, हेही त्यांनी लिहून ठेवले. स्थानिक नभोवाणीवर त्यांनी मुलाखतींचा कार्यक्रम केला, ज्यात पंतप्रधान हॅरल्ड विल्सन हेही पाहुणे म्हणून आले होते. कुठे कोणी सल्ला विचारला तर ते जात, शेजारच्या पोरांबरोबर चेंडू खेळत, दारावर आलेल्या चाहत्याला आत घेऊन चहा पाजत. प्रेक्षकांनी त्यांना कधीच अंतर दिले नाही. एप्रिल १९७५ मध्ये ॲनफिल्डवर त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या सामन्याला हजारोंची गर्दी लोटली होती. अंतर पडले ते फक्त कार्यालयाशी. २९ सप्टेंबर १९८१ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी ॲनफिल्डला त्यांच्या नावाचे प्रवेशद्वार उभे राहिले आणि १९९७ मध्ये पुतळा.

दोष कोणाचा किती

शँकलींची फसवणूक झाली, क्लबने त्यांना वाऱ्यावर सोडले, अशी मांडणी लिव्हरपूलच्या चाहत्यांत लोकप्रिय आहे. मला ती अर्धी पटते. निवृत्तीचा निर्णय त्यांचा होता, तो फिरवण्यासाठी क्लबने मनधरणी केली होती, आणि संचालकांना आयुष्यभर कस्पटासमान लेखल्यावर संचालकांच्या टेबलाशी आपोआप जागा मिळेल अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नव्हते. मानी माणूस मागत नाही, आणि मागितले नाही तर जॉन स्मिथ यांच्यासारखा काटेकोर व्यवहारी अध्यक्ष स्वतःहून देत नाही. दोघांच्या स्वभावाला मुरड घालू शकेल असा मध्यस्थ क्लबमध्ये नव्हता. पेस्ली ते करू शकले असते असे म्हणणे सोपे आहे, पण त्या दिवसांत ते स्वतःचीच मांड पक्की करण्यात गुंतले होते.

तरीही जबाबदारीचा मोठा वाटा मी मंडळाकडे देतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही. धक्का बसलेला, दमलेला, स्वतःच्या मनाचा थांग न लागलेला माणूस एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला एक संस्था होती, जिच्याकडे वेळ, पैसा आणि सल्लागार होते. निवृत्तीची इच्छा कळल्यापासून पेस्लींच्या नेमणुकीपर्यंतच्या काळात मंडळाने पुढचा मॅनेजर कोण याचा विचार नीट केला. मागच्या मॅनेजरचे काय, हा प्रश्न त्यांच्या कामकाजात आलाच नाही असे घडलेल्या गोष्टींवरून दिसते. दोन वर्षे मेलवूड नाही, पण सामन्यांना मानाची जागा आणि त्यानंतर संचालकपद, असा साधा लेखी प्रस्तावही पुष्कळ होता. शँकलींनी तो कदाचित झिडकारला असता. मग मात्र बोल लावायला जागा उरली नसती.

हा प्रश्न लिव्हरपूलपुरता नव्हता, हे चारच वर्षांनी ग्लासगोत दिसले. सेल्टिकला १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकून देणारे जॉक स्टीन, तेही खाणीतूनच आलेले, १९७८ मध्ये मॅनेजरपदावरून उतरले तेव्हा क्लबने त्यांना निधी उभारणाऱ्या लॉटरीच्या कामाशी जोडलेले पद देऊ केले. ते नाकारून स्टीन लीड्सला गेले आणि लवकरच स्कॉटलंडचे राष्ट्रीय मॅनेजर झाले. पद देऊ केले की मान राखला असे होत नाही; पदाचा दर्जा माणसाच्या कामाशी जुळावा लागतो.

लिव्हरपूलने पुढच्या वेळी वेगळे वर्तन केले. पेस्लींनी १९८२-८३ चा हंगाम आपला शेवटचा असेल हे आधीच जाहीर केले, त्यामुळे वर्षभर तयारीला अवधी मिळाला. मार्च १९८३ मध्ये लीग कप जिंकल्यावर खेळाडूंनी कप स्वीकारायला वेम्ब्लीच्या पायऱ्या चढून पेस्लींनाच पुढे पाठवले. उत्तराधिकारी पुन्हा त्याच खोलीतून आले, जो फॅगन. पेस्लींना संचालक मंडळात घेतले गेले, आणि १९८५ मध्ये केनी डॅग्लिश हे खेळता खेळताच मॅनेजर झाले तेव्हा मंडळाने पेस्लींना अधिकृत सल्लागार म्हणून त्यांच्या जोडीला दिले. ही व्यवस्था दोन वर्षे सुरळीत चालली. विचारल्याशिवाय बोलायचे नाही हा पेस्लींचा स्वभाव तिला कामी आला, त्यामुळे ती जशीच्या तशी शँकलींना लागू पडली असती असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण १९८५ मध्ये मंडळाने जुन्या मॅनेजरच्या कामाला नाव दिले, मुदत दिली आणि ते जाहीर केले. १९७४ मध्ये यांतले काहीही झाले नव्हते.